मुलांना मक्याचं झाड वाढताना दाखवायचंय, गच्चीवर जमेल का?

गच्चीवरची_आई | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेक सात वर्षांची आहे, दुसरीत. परवा मंडईतून कणसं आणली आणि दोघी सोलायला बसलो तर मला म्हणते, "आई, ह्याला एवढे कपडे कोणी घातले?" तिने आजवर मका खाल्ला तो एकतर मॉलमधल्या कपातला नाहीतर फ्रीजरच्या पाकिटातला, त्यामुळे दाणे असे एका दांड्याला चिकटून येतात हेच तिला नवीन होतं. मग तिला कागदावर झाड काढून दाखवलं आणि ज्वारी-बाजरीसारखं कणीस वर शेंड्याला काढलं. सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांनी लगेच खोडून काढलं, "अगं मक्याचं कणीस काखेत असतं, डोक्यावर तुरा असतो." म्हणजे मलाही माहीत नव्हतं. तेव्हाच ठरवलं की चित्रं बास, खरं झाडच लावायचं.

आम्ही ठाण्यात राहतो, गच्ची मोकळी आहे, पावसाने उघडीप दिली की पाच-सहा तास ऊन मिळतं. कुंड्या किती लागतील, बी कुठलं घ्यायचं, आणि मुख्य म्हणजे अडीच-तीन महिने तिचा रस टिकेल असं काय काय दाखवता येईल? ज्यांनी मुलांसोबत केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

टिंबटिंब | ८ जून, रात्री १०:०५

एक कुंडी, चार दाणे, रोज पाणी. मुलांना कोंब दिसला की आनंद होतो, कणीस नाही आलं तरी काय बिघडतं.

शिवारकर | ८ जून, रात्री ११:२०

टिंबटिंब दादा, इथंच तर घोळ होतो. एक कुंडी लावली की झाड येतं पण कणीस भरत नाही आणि पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आमच्याकडे सिल्लोड भागात खरिपात जिकडं बघाल तिकडं मका. एकरी सात-आठ किलो बी लागतं, दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत आठ-नऊ इंच धरून टोकण करतो. शेतात हजारो झाडं एकत्र असतात म्हणून कुणाला विचार करावा लागत नाही, पण मक्याचं लग्न लावतो वारा. वरच्या तुऱ्यात नर फुलं आणि खाली काखेतल्या कणसाला जे केस येतात ते मादी फुलाचे. तुऱ्यातली पिवळी भुकटी वाऱ्याने उडून केसावर पडली तर दाणा, नाहीतर ती जागा रिकामी. एका झाडाची भुकटी त्याच झाडाच्या केसावर पडेलच असं नाही, कारण बऱ्याचदा तुरा आधी झडायला लागतो आणि केस दोन-तीन दिवसांनी बाहेर येतात. म्हणून गच्चीवर लावायचं तर एका रांगेत लावू नका, चौकोनात लावा. निदान बारा-सोळा झाडं जवळ जवळ. वीस लिटरच्या बादलीत किंवा मोठ्या ग्रोबॅगेत तीन तीन झाडं बसतात.

अजून एक, आणि हे जास्त महत्त्वाचं. दुकानातलं बी गुलाबी किंवा लाल रंगाचं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते लेकीच्या हातात देऊ नका. औषध न लावलेलं बी मागून घ्या.

पाऊसपाणी | ९ जून, सकाळी ७:५०

शिवारकरांना अनुमोदन. आमच्या मुलाने मागच्या वर्षी बाल्कनीत एकच झाड लावलं होतं, पाच फूट झालं, सगळी सोसायटी बघायला येऊन गेली, आणि कणीस सोललं तर आत सात दाणे. सातच. पोरगं रडलं हो. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

फळ्यावरून | ९ जून, सकाळी ११:१५

मी प्राथमिक शाळेत शिकवते. ताई, कुंडीच्या आधी एक आठवडा काचेच्या ग्लासात करा. ग्लासाच्या आतून टिपकागद लावायचा, मध्ये ओला कापूस भरायचा, आणि कागद आणि काच यांच्यामध्ये एका बाजूला मक्याचे दाणे, दुसऱ्या बाजूला राजम्याचे. मातीत जे लपून घडतं ते सगळं इथे दिसतं. आधी मूळ खाली जातं, मग कोंब वर येतो. कोंब आला की ग्लास आडवा करून ठेवा, दोन दिवसांत मूळ वळून परत खाली जायला लागतं, मुलं ओरडतातच बघून. राजमा दोन डाळिंब्यांमध्ये उघडतो, मक्याचा दाणा तसाच राहतो आणि सुरळीसारखं एकच पान बाहेर येतं. एकदल आणि द्विदल हे शब्द तिला पाचवी-सहावीत भेटतील तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर हा ग्लास असेल, माझ्या लेखी हेच खरं शिकणं.

अजून एक सोपा प्रयोग. भिजवलेला दाणा उभा कापायचा (कापायचं काम मोठ्यांनी), आत पांढरट छोटा अंकुर असतो तो दाखवायचा आणि उरलेल्या भागावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. काळंनिळं होतं. तो स्टार्च, म्हणजे बाळाचा डबा. माझी मुलं त्याला डबाच म्हणतात.

मीठमिरची | ९ जून, दुपारी १:३०

फ्रीजरमधल्या स्वीटकॉर्नचे दाणे पेरले तर येतील का? धाकट्याने गुपचूप पेरलेत आणि रोज उकरून बघतोय :)

शिवारकर | ९ जून, दुपारी २:१०

नाही येणार. ते दाणे कोवळे, चिकात असतानाच तोडलेले असतात आणि वर वाफवून गोठवलेले. त्यापेक्षा किराणा दुकानात सुटे पॉपकॉर्नचे दाणे मिळतात ते पेरायला सांगा. ते पूर्ण पिकलेले आणि वाळलेले असतात, बहुतेक उगवतात. त्याला औषधही चोळलेलं नसतं, तेव्हा पोराच्या हातात द्यायला बिनधास्त.

जोंधळा | ९ जून, रात्री ८:४५

विषय छान आहे पण मला एक सांगा, मकाच का? आपली ज्वारी, बाजरी, नाचणी मुलांना माहीत नाही. मका परदेशातून आलेला. शहरातल्या मुलांना एकच पीक दाखवायचं असेल तर जोंधळा दाखवा, हुरड्यापर्यंतची सगळी गोष्ट आपल्या मातीतली आहे. हे मी भांडायला लिहीत नाही, मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. नगर जिल्ह्यात आमच्या रानात ज्वारी दर वर्षी कमी होत चाललीय आणि मका वाढतोय, ते बघून वाईट वाटतं.

फळ्यावरून | ९ जून, रात्री ९:३०

जोंधळा, तुमची तळमळ समजते. पण शिकवायच्या दृष्टीने मक्याचा फायदा असा की नर फूल आणि मादी फूल वेगवेगळ्या जागी, आणि दोन्ही एवढी मोठी की सात वर्षांच्या मुलालाही बोट ठेवून दाखवता येतात. ज्वारीत ते भिंगातून बघावं लागतं. रब्बीत ताईंनी ज्वारीही लावावी, मग दोन्ही झाडं शेजारी शेजारी मनात बसतील.

जुनं_पान | ९ जून, रात्री १०:५०

परदेशातून म्हणजे थेट मेक्सिकोतून. तिथे बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे नावाचं रानगवत आहे, त्यापासून साधारण ९००० वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी निवडून निवडून मका घडवला. टिओसिंटेच्या कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात. त्यातून आजचं कणीस करायला किती पिढ्या लागल्या असतील! भारतात तो पोर्तुगीजांमार्फत १६व्या शतकाच्या आसपास आला असं सर्वसाधारण मत. कर्नाटकात सोमनाथपूरच्या १३व्या शतकातल्या देवळात मूर्तींच्या हातात मक्याच्या कणसासारखं काहीतरी कोरलेलं आहे आणि त्यावरून तो आधीच इथे होता असंही काही अभ्यासकांनी मांडलं, पण बहुतेकांना ते पटलेलं नाही.

आणि मुलीला एक गोष्ट नक्की सांगा. मका हे असं पीक आहे की माणसाने पेरलं नाही तर ते टिकणार नाही. दाणे कणसाला घट्ट आणि वरून सालींत बंद, आपले आपण सांडतच नाहीत. कणीस तसंच जमिनीवर पडलं तर सगळे दाणे एका जागी उगवून एकमेकांना मारतात. म्हणजे तिने विचारलेल्या "कपडे कोणी घातले"चं उत्तर, माणसांनी.

गच्चीवरची_आई | १० जून, सकाळी ६:३५

जुनं_पान, हे वाचून अंगावर काटा आला. तिला सकाळी दात घासताना सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण नाही लावला तर तो संपेल?" आणि दप्तर भरायच्या आधी बादल्या मोजायला गच्चीवर गेली.

आयोवाकर | १० जून, सकाळी ८:२०

मी नोकरीमुळे अमेरिकेत आयोवात राहतो, घरापासून पाच मिनिटांवर मका सुरू होतो आणि क्षितिजापर्यंत संपत नाही. इथले शेतकरी म्हणायचे की चार जुलैला मका गुडघाभर हवा, आताचे वाण तेव्हा डोक्याच्या वर गेलेले असतात. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, गेल्या जुलैत त्याने तुरे काढायची कामं केली. संकरित बियाणं करताना मादी ओळींचे तुरे उपटून टाकतात म्हणजे त्यांच्यावर शेजारच्या नर ओळींचीच भुकटी पडते. यंत्र बरंचसं काम करतं पण राहिलेले तुरे हातानेच काढावे लागतात, आणि ते काम इथे शाळकरी पोरं उन्हाळ्यात पैसे घेऊन करतात. पहाटे ओल्या पानांतून चालून हात चरचरून कापले जातात, पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो. दोन आठवड्यांनी तो मला म्हणाला, "बाबा, एक तुरा राहिला तर अख्ख्या ओळीचा घोटाळा होतो." शाळेत त्याने हेच धड्यात वाचलं होतं पण कळलं शेतात.

ताई, पानांच्या कडा धारदार असतात, लेकीला फुल शर्ट घालूनच झाडांत हात घालू द्या.

इंदूरची_चव | १० जून, दुपारी १२:००

आमच्या इंदुरात मका म्हटलं की पावसाळ्यात भुट्ट्याचा किस! कणीस किसणीवर किसायचं, तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, मग किस परतायचा, दूध घालून शिजवायचा, वरून लिंबू-कोथिंबीर. सराफ्यात रात्री उभं राहून खायचा. मुलांना किसायला बसवा, दाण्यातून दूध येतं ते त्यांना हाताला कळतं, तेच ते "चिकात" म्हणतात ना शिवारकर?

शिवारकर | १० जून, रात्री ९:१५

बरोबर ताई. नखाने दाणा दाबला आणि दुधासारखं पाणी आलं की खायला तयार. पाणी पारदर्शक आलं तर अजून लवकर आहे, नख रुतेना तर उशीर झाला.

गच्चीवरची_आई | २२ जून, संध्याकाळी ७:१०

अपडेट! १४ जूनला पेरलं. पाच ग्रोबॅगा, प्रत्येकीत तीन खड्डे, बोटाच्या दोन पेरांएवढे खोल, निम्मी माती निम्मं शेणखत. १९ तारखेला पहिले कोंब. ती सकाळी ओरडतच खाली आली, "सुया आल्यात!" आणि खरंच हिरव्या सुया, टोकावर पाण्याचा एकेक थेंब. पाऊस नव्हता रात्री. दव म्हणावं तर बाजूच्या तुळशीवर नव्हतं.

दोन कोंब साळुंक्यांनी उपटले, त्यावर आता जुनी जाळी टाकलीय.

फळ्यावरून | २२ जून, रात्री ८:००

ते दव नाहीच! मुळं रात्रभर पाणी वर ढकलतात आणि जास्तीचं पाणी पानाच्या टोकातून बाहेर येतं. सकाळी सातच्या आधी दाखवा, उन्हाने सुकून जातं.

गच्चीवरची_आई | ५ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, शेजारचं तीन वर्षांचं बाळ आलं होतं, कात्रीने तीन रोपं वरून कापून टाकली. चार-चार पानं होती. लेक जेवली नाही. संपलं का आता?

शिवारकर | ५ जुलै, रात्री १०:४५

संपलं नाही, रडू नको म्हणा लेकीला. पाच-सहा पानं होईपर्यंत मक्याचा वाढीचा शेंडा जमिनीच्या खाली असतो, वर दिसतात ती नुसती पानं. आमच्या रानात शेळ्या फिरून जातात या वयात, आठ दिवसांत परत पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची सुरळी, वर येतो. जरा मागे राहतील, पण जगतील. पाणी जास्त घालू नका.

गच्चीवरची_आई | १२ जुलै, सकाळी ७:००

आले! तिन्ही आले! कापलेल्या पानांची टोकं चौकोनी आहेत आणि मधून नवीन पान. तिने त्या तिघांना खडूने खुणा केल्यात आणि रोज त्यांनाच आधी पाणी.

मोकळी_वाट | १२ जुलै, सकाळी १०:३०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक दिवस शेतावर घेऊन जा ना, कृषी पर्यटनाची केंद्रं गावोगाव झालीत. आम्ही गेलो होतो, मुलांनी कणसं तोडली, भाजून खाल्ली, मजा आली.

शिवारकर | १२ जुलै, रात्री ९:३०

या ना, जरूर या. पण एका दिवसात पोरं तोडणंच शिकतात. आमच्याकडं एका शाळेची सहल आली होती, तासाभरात अर्धी कणसं कोवळीच तोडली आणि एक-एक घास खाऊन टाकली. पोरांचा दोष नाही, त्यांना तीन महिने दिसलेलेच नाहीत. आणि पोरांना हेही सांगा की शेतातला बहुतेक मका ताटात कणीस म्हणून येत नाही. आमचा जातो कोंबडीखाद्याला, स्टार्चच्या कारखान्यांना आणि आता इथेनॉलला. सकाळी अंडं खाल्लं तर त्यातही मका आहे. हिरवी धाटं जनावरांना, मुरघास करून, म्हणजे बारीक कापून हवाबंद आंबवून, उन्हाळ्यापर्यंत पुरवतो.

सातपुड्यातून | १३ जुलै, सकाळी ६:१५

आणि आमच्याकडे धडगावला पांढऱ्या मक्याची भाकरी, रोजची. जोंधळा दादा मक्याला परका म्हणाले, पण आमच्या आजीच्या आजीनेही हीच भाकरी थापली. घरच्या बियाची कणसं साली मागे वळवून, एकमेकांना बांधून चुलीच्या वर टांगतो, धुराने किडा लागत नाही. मुलांना बी म्हणजे काय ते तिथे वर बघूनच कळतं.

जोंधळा | १३ जुलै, सकाळी ९:००

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शब्द मागे घेतो. तुमच्या बियाबद्दल वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

गच्चीवरची_आई | २० जुलै, रात्री ८:५०

पानांना भोकं पडलीत, रांगेत, आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखं काहीतरी ओलं. फोटो टाकलाय.

शिवारकर | २० जुलै, रात्री ९:२०

लष्करी अळी. ही अमेरिकेतली, भारतात २०१८ ला आधी कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आमच्याकडं पोचली. तुमच्याकडे तेराच झाडं आहेत, औषधाची गरज नाही. संध्याकाळी चिमट्याने काढा. डोक्यावर उलटा वाय असतो आणि शेपटीकडे चार ठिपके चौकोनात, लेकीला भिंग द्या, ती ओळखेल. पोंग्यात चिमूटभर कोरडी वाळू टाकली तरी कोवळ्या अळ्या मरतात.

गच्चीवरची_आई | २१ जुलै, रात्री ९:०५

अकरा सापडल्या. वाय तिलाच आधी दिसला.

गच्चीवरची_आई | ६ ऑगस्ट, सकाळी ८:१५

तुरे आले! आणि खाली जमिनीच्या वर बोटांसारखी मुळं फुटून मातीत शिरतायत, लेक म्हणते झाडाने पाय रोवले. आज दोन झाडांना काखेत कणसं दिसली, फिकट हिरवे रेशमासारखे केस. पण पाऊस थांबतच नाहीये, भुकटी धुऊन जाईल का?

फळ्यावरून | ६ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आता तिला सगळ्यात मोठं गुपित सांगा. एक केस म्हणजे एक दाणा. प्रत्येक केस आत कणसाच्या एकाच दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. भुकटीचा कण केसावर पडला की त्यातून अगदी बारीक नळी निघून केसाच्या आतून दाण्यापर्यंत जाते, साधारण एक दिवस लागतो. जेवढ्या केसांना भुकटी मिळाली तेवढेच दाणे.

पाऊस असेल तर वाऱ्यावर सोडू नका, हातानेच करा. सकाळी नऊ-दहाला, तुरा कोरडा झाला की कागदी पिशवीत हलकेच झटका, पिवळी भुकटी जमेल. ती मऊ ब्रशने केसांवर. पाच-सहा दिवस रोज, कारण बुडाकडचे केस आधी बाहेर येतात आणि टोकाचे शेवटी.

पाऊसपाणी | ६ ऑगस्ट, सकाळी ९:३०

म्हणजे आमचे सात दाणे म्हणजे सातच केसांना मिळालं होतं! मुलाला आत्ता सांगितलं. तो म्हणाला परत लावूया.

गच्चीवरची_आई | १३ ऑगस्ट, रात्री ९:४५

सात दिवस शाळेच्या आधी ब्रश. रविवारी आजीने खुर्ची धरली. केसांची टोकं आता तपकिरी व्हायला लागलीत. एका कणसाचे मात्र हिरवेच आहेत आणि लांबच होत चाललेत, वीतभर झाले.

फळ्यावरून | १३ ऑगस्ट, रात्री १०:१०

त्याला भुकटी पोचली नाही. वाट बघत बघत केस वाढतच राहतात. उद्या त्यालाच आधी.

गच्चीवरची_आई | २९ ऑगस्ट, रात्री १०:३०

आज तोडलं पहिलं. नखाने दाबलं, दूध आलं. सोलताना एकेक साल तिने हळूच काढली. चौदा ओळी. दुसऱ्या कणसाला सोळा. तिसऱ्याला परत चौदा. तिने विचारलं पंधरा का नाही?

टोकाला दोन बोटं रिकामं आहे आणि एका बाजूला पाच-सहा दाण्यांची खिंड पडलीय. मला वाटलं हिरमुसेल. तिने त्या खिंडीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे स्वातंत्र्यदिनाचे. त्या दिवशी आपण शाळेत लवकर गेलो होतो." खरं तर १५ तारखेपर्यंत आमचं काम संपलं होतं, पण ती मोजत होती एवढं खरं. २११ दाणे. आजीसाठी निम्मं, बाकी शेजारच्या कात्रीवाल्या बाळाला अर्धं.

फळ्यावरून | २९ ऑगस्ट, रात्री १०:५५

ओळी नेहमी समच! कोवळ्या कणसावर फुलं जोडीजोडीने येतात, म्हणून ओळीही जोडीने वाढतात. तिला सांगा, भाजलेलं कणीस विकणाऱ्या मावशींकडे जाऊन पण मोजायचं.

मीठमिरची | ३० ऑगस्ट, सकाळी ७:२०

काल रात्री अकराला आम्ही फ्रीजमधली चार कणसं काढून मोजली. १६, १४, १६, १८. नवरा पण उठून आला.

गच्चीवरची_आई | ३० ऑगस्ट, सकाळी ८:००

शिवारकर दादा, शेवटचं विचारते. कात्रीने कापलेल्या तीन झाडांतल्या एकाला छोटंसं कणीस आहे. ते तिला खायचं नाहीये, पेरायला ठेवायचंय. किती दिवस झाडावर ठेवू?

शिवारकर | ३० ऑगस्ट, रात्री ९:४०

साली पार वाळून पांढऱ्या होऊ द्या, अजून महिनाभर तरी. मग एक दाणा काढून त्याचं बूड बघा, जिथं तो कणसाला चिकटलेला होता तिथं काळा ठिपका दिसला की दाणा पूर्ण पिकला. तुमचं स्वीटकॉर्न आहे म्हणून दाणे सुरकुततील, ते खराब नाहीत, त्यात साखर जास्त असते म्हणून. आणि पाकिटावर हायब्रीड लिहिलं असेल तर पोरं आईबापासारखी निघणार नाहीत, एक उंच एक बुटकं असं येईल. तरी पेरा. पावसात भिजू देऊ नका, वरून कागदी पिशवी बांधा.

गच्चीवरची_आई | ३० ऑगस्ट, रात्री ९:५५

पिशवी बांधली. भुकटीचीच आहे, आत अजून पिवळं लागलेलं आहे.